आधी मोजमाप, मग मॉडेल: कोल्हापुरातून बांधकाम व्यवस्थापन आणि डिजिटल कामाचं करिअर टप्प्याटप्प्याने

सिव्हिलचा डिप्लोमा किंवा डिग्री हातात पडली की बहुतेक जण आधी रेव्हिट (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायचं सॉफ्टवेअर) नाहीतर प्रायमाव्हेराचा (वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर) क्लास गाठतात. सर्टिफिकेट मिळतं. मग मुलाखतीत समोरचा साधं विचारतो: या स्लॅबला काँक्रीट किती, आणि वरच्या मजल्याचं सेंट्रिंग (काँक्रीटचा साचा आणि टेकू) कधी बसवता येईल? तिथे गाडी अडते. सॉफ्टवेअरचं प्रत्येक बटण माहीत असतं, त्यात भरायचा आकडा कुठून येतो ते मात्र माहीत नसतं. दुसऱ्या टोकाला साइटवर पाच-सहा वर्षं काढलेले इंजिनिअर असतात. त्यांच्या डोक्यात सगळं असतं, पण कागदावर काही नसतं. सगळा हिशेब व्हॉट्सॲपच्या फोटोंत विखुरलेला.

दोघांची चूक एकच: टप्प्यांचा क्रम. खालचा क्रम साधारण वर्ष-दीड वर्षाचा आहे. मधला टप्पा गाळला तर पुढचा उभा राहत नाही.

## तयारी: सुरुवातीला लागणाऱ्या गोष्टी

लॅपटॉप विंडोजचाच घ्या, कारण रेव्हिट मॅकवर थेट चालत नाही. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी आणि ४ जीबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड एवढ्यावर चार-पाच मजली इमारत आरामात होते. ८ जीबी रॅमवर रेव्हिट उघडतं, पण नेव्हिसवर्क्स (मॉडेलं एकत्र करून तपासायचं सॉफ्टवेअर) सोबत उघडलं की मशीन गुदमरतं. पैसे कमी असतील तर प्रोसेसरमध्ये तडजोड करा, रॅममध्ये नको.

विद्यार्थ्यांना ऑटोडेस्कचं लायसन्स एक वर्ष मोफत मिळतं आणि शिक्षण चालू असेपर्यंत नूतनीकरण करता येतं. ते फक्त शिकण्यासाठी आहे, त्यावर पैशाचं काम करायचं नाही. वेळापत्रकासाठी एमएस प्रोजेक्ट नसेल तर मोफत मिळणाऱ्या प्रोजेक्टलिब्रवरही सुरुवात होते. बीआयएसच्या म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या पोर्टलवर नोंदणी केली की आयएस कोड मोफत उतरवून घेता येतात. आयएस ४५६ (काँक्रीट) आणि आयएस १२०० (मोजमाप) हे दोन आधी घ्या.

साइटसाठी ५ मीटरचा स्टीलचा टेप, ३० मीटरचा लांब टेप, सेफ्टी शूज, हेल्मेट आणि पावसात न भिजणारी वही.

सगळ्यात महत्त्वाचा असतो एका इमारतीचा पूर्ण ड्रॉइंग सेट: आर्किटेक्टचे प्लॅन, आरसीसी (सळई घातलेल्या काँक्रीटचं) ड्रॉइंग, प्लंबिंग लेआउट. पार्किंग आणि वर तीन-चार मजले, आठ ते बारा फ्लॅट, एवढी इमारत पुरे. बंगला घेऊ नका, त्यात काहीच पुन्हा येत नाही. टॉवर घेतला तर वर्ष संपेल तरी प्लिंथवरच असाल. राजारामपुरी, कळंबा, फुलेवाडी, पाचगाव, उचगाव, कुठेही अशी कामं चालू असतात. ओळखीच्या आरसीसी कन्सल्टंटकडे किंवा ठेकेदाराकडे मागा, "शिकण्यासाठी हवं आहे, बाहेर जाणार नाही" असं लिहून द्या आणि ते पाळा.

ड्रॉइंग नाहीच मिळालं तर दोन उघडे दरवाजे आहेत. महारेराच्या (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) संकेतस्थळावर नोंदणीकृत प्रकल्पांची मंजूर नकाशांसह बरीच कागदपत्रं कुणालाही पाहता येतात. आणि महाटेंडर्सवर सरकारी कामांच्या निविदांसोबत बीओक्यू (कामांची आणि परिमाणांची यादी) असतं. सरावाला त्याहून चांगली सामग्री विकतही मिळत नाही.

तपासा: आरसीसी ड्रॉइंगमध्ये कॉलम शेड्यूल, बीम शेड्यूल आणि स्लॅबची जाडी तिन्ही आहेत का? एकही नसेल तर तो सेट सरावाला निरुपयोगी आहे.

## टप्पा १: दरवाजा ठरवा

"डिजिटल कन्स्ट्रक्शन" असं कुठलंच पद नसतं. पदं असतात ती अशी: बिलिंग किंवा क्वांटिटी इंजिनिअर, प्लॅनिंग इंजिनिअर, बिम (इमारतीचं माहितीसह डिजिटल मॉडेल) मॉडेलर आणि पुढे बिम कोऑर्डिनेटर, आणि एमआयएस म्हणजे साइटची माहिती गोळा करून मालकापुढे ठेवणारा.

कोल्हापूरच्या मध्यम बिल्डरकडे बिमसाठी वेगळा माणूस सहसा नसतो. पण बिलिंग नीट करणारा आणि रोजचा रिपोर्ट वेळेवर देणारा माणूस प्रत्येकाला हवा असतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीतल्या शेडच्या आणि कारखान्यांच्या कामांत मुदत कडक असते, त्यामुळे तिथे प्लॅनिंगला किंमत आहे. बिमचं काम मुख्यतः पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत किंवा परदेशी कामं घेणाऱ्या ऑफिसांत मिळतं.

म्हणून कोल्हापुरात राहायचं असेल तर दरवाजा बिलिंग किंवा प्लॅनिंगचा धरा आणि बिम दुसरं कौशल्य म्हणून जोडा. पुण्याला जायची तयारी असेल तर उलट केलं तरी चालेल. दोन्हीकडे पुढचे टप्पे तेच आहेत, फक्त वेळ कमी-जास्त द्यायचा.

## टप्पा २: साइटवर सहा महिने, हाताने मोजमाप

हा टप्पा लोकांना कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात जास्त गाळला जातो. पुढे मॉडेलने चुकीचा आकडा दिला तर तो चुकीचा आहे हे ओळखायची नजर इथेच तयार होते.

एका स्लॅबचं पूर्ण चक्र बघा: सेंट्रिंग, सळई बांधणी, कव्हर ब्लॉक, इलेक्ट्रिकच्या नळ्या, तपासणी, काँक्रीट, पाणी मारणं, सेंट्रिंग उतरवणं. प्रत्येक पायरीची तारीख आणि माणसं लिहा. गवंडी किती, बिगारी किती, सेंट्रिंगवाले किती, हे वेगवेगळं; "१४ माणसं" असं एकत्र लिहिलेलं पुढे कशाच्याच कामी येत नाही.

मग हाताने परिमाण काढा. १० मीटर × ८ मीटरचा, १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे १० घनमीटर, म्हणजे सुमारे ३.५३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). बीम २३० × ४५० चा असेल आणि स्लॅब बीमच्या बाहेरच्या कडेपर्यंत धरला असेल, तर बीमची खोली ४५० नव्हे, ३२५ धरायची. वरचे १२५ स्लॅबमध्ये आधीच आले. ८ मीटरच्या एका बीममागे हा फरक ०.२३ घनमीटर होतो. अशा दहा बीमला २.३ घनमीटर, म्हणजे पाऊण ब्रासहून जास्त काँक्रीट कागदावर हवेतून तयार झालं. नवख्याच्या बिलात सर्वाधिक सापडणारी चूक हीच.

सळईचं वजन काढताना व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरला किती किलो ते येतं. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलो, १२ मीटरची अख्खी सळई १०.६७ किलो. गाडी आली की नग मोजून हे वजन काट्याच्या पावतीशी ताडून बघा. थोडा फरक येणारच, कारण गिरणीच्या मालात वजनाची सूट असते. फरक दर गाडीला एकाच बाजूला झुकू लागला तर वरिष्ठांच्या कानावर घाला.

कोडमधल्या दोन गोष्टी पाठच हव्यात, कारण त्या थेट वेळापत्रकात जातात. आयएस ४५६ प्रमाणे साध्या ओपीसी सिमेंटला ४.५ मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवसांनी, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवसांनी काढायचे. बीमचे ६ मीटरपर्यंत १४ दिवस, पुढे २१. आणि क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे): ५ घनमीटरपर्यंत एक नमुना, ६ ते १५ ला दोन, १६ ते ३० ला तीन, प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब. वरच्या १० घनमीटरच्या स्लॅबला म्हणजे किमान सहा क्यूब. पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं सिमेंट) वापरलं असेल तर मुदत वाढते, ती आरसीसी कन्सल्टंटला विचारून घ्या.

सावधान: ब्रास हे एकक आकारमानाला १०० घनफूट (२.८३ घनमीटर) असतं आणि प्लास्टर-फरशीसारख्या कामांत १०० चौरस फूट (९.२९ चौरस मीटर) म्हणूनही चालतं. ठेकेदार "बारा ब्रास झालं" म्हणाला की कशाचं, ते आधी विचारा.

तपासा: एका पूर्ण मजल्याचं काँक्रीट आणि सळई तुमच्या हिशेबाने काढा आणि प्रत्यक्ष आलेल्या मालाशी ताडा. काँक्रीटमध्ये ५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर कारण सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: नोंदीला शिस्त लावा

डॅशबोर्ड फसतात ते इथे, आणि दोष मात्र सॉफ्टवेअरला लागतो.

एक ओळ म्हणजे एक नोंद. रकाने: दिनांक, मजला, भाग, कामाचा कोड, एकक, आजचं परिमाण, गवंडी, बिगारी, अडचण, नोंद करणारा. सेल मर्ज करायचे नाहीत, मध्ये बेरजेच्या ओळी घालायच्या नाहीत, रंगावरून अर्थ काढायचा नाही. बेरीज वेगळ्या पानावर, पिव्होट टेबलने.

कोड आधी ठरवा, नोंदी नंतर सुरू करा. "ए-०३-स्लॅब-०१" म्हणजे ए विंग, तिसरा मजला, स्लॅबचा पहिला भाग. हाच कोड पुढे वेळापत्रकात, मॉडेलमध्ये आणि बिलात जसाच्या तसा जाणार आहे. एका कागदावर "थर्ड फ्लोअर" आणि दुसऱ्यावर "तिसरा माळा" असं झालं की संगणकाच्या लेखी त्या दोन वेगळ्या जागा.

सुपरवायझरकडून माहिती घ्यायची तर गुगल फॉर्म मराठीत करा आणि शक्य तिथे टाइप करण्याऐवजी यादीतून निवडायला द्या. सात-आठ प्रश्नांच्या वर फॉर्म गेला की चौथ्या दिवशी तो भरणं बंद होतं. मुकादमाकडून फॉर्मची अपेक्षा ठेवू नका. त्याला फोन करा आणि तुम्ही भरा.

तारखेचा घोळ वेगळाच. संगणक अमेरिकन पद्धतीवर असेल तर ०३/०४ म्हणजे ४ मार्च होतो, तुमच्या मनात ३ एप्रिल असतो. पहिल्याच दिवशी सेटिंग भारतीय करा, आणि रकान्यातली तारीख खरंच तारीख आहे की नुसता मजकूर, ते क्रमवारी लावून बघा.

पॉवर क्वेरी (एक्सेलमधलं माहिती गोळा करायचं साधन) याच टप्प्यावर शिका. तीस दिवसांच्या तीस फाइली एका टेबलात आणायला हाताने अर्धा दिवस जातो. एकदा क्वेरी बसवली की रिफ्रेशचं एक बटण. पायथन नंतर आलं तरी चालेल.

## टप्पा ४: वेळापत्रक

वर सांगितलेल्या इमारतीला ६० ते १०० कामं पुरतात. हजार ओळींचं वेळापत्रक दिसायला भारदस्त असतं, पण दुसऱ्या महिन्यानंतर ते कुणी अपडेट करत नाही.

कालावधी अंदाजाने टाकू नका. टप्पा ३ मधल्या नोंदींतून उत्पादकता काढा. समजा, तुमच्या साइटवर गवंडी-बिगारीची एक जोडी दिवसाला ९ चौरस मीटर आतलं प्लास्टर करते. चार जोड्या, १,०८० चौरस मीटर: ३० दिवस. मुलाखतीत कुणी "३० दिवस कसे?" विचारलं तर हे उत्तर देता आलं पाहिजे.

मग कामांची एकमेकांशी जोडणी. सुरुवात आणि शेवट सोडून प्रत्येक कामाला आधीचं आणि नंतरचं काम असलंच पाहिजे. "याच तारखेला संपलं पाहिजे" अशी सक्तीची तारीख टाकण्याचा मोह टाळा, कारण त्याने उशीर वेळापत्रकात दिसतच नाही. साइटवर मात्र होतो. टेकू काढण्याचे ७ किंवा १४ दिवस हे थांबण्याचे दिवस म्हणून टाका, आणि ते सुट्ट्या न वगळता मोजा. काँक्रीटला रविवार नसतो.

कॅलेंडर कोल्हापूरचं हवं. जून ते सप्टेंबर खोदकाम आणि बेसमेंट धरू नका. काळ्या मातीत पाऊस पडला की डंपर आत येत नाही. बाहेरचं प्लास्टर आणि रंग दिवाळीनंतर. चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा, गणपती, दसरा, दिवाळी या काळात मजुरांची हजेरी कोसळते, तेव्हा क्षमता कमी धरा. साइट पंचगंगेच्या पूरपट्ट्याजवळ असेल तर राजाराम बंधाऱ्याची पातळी नोंदीत घ्या: ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात महामार्गच बंद पडला होता. त्यामुळे साइट उंचावर असली तरी सिमेंट-सळई येण्याचा रस्ता कोणता, तेही बघा.

बेसलाइन (मूळ ठरलेलं वेळापत्रक) पहिली नोंद टाकण्याआधी जतन करा. काम सुरू झाल्यावर जतन केलेली बेसलाइन म्हणजे उशीर लपवलेलं वेळापत्रक, आणि जाणकार माणूस ते एका नजरेत ओळखतो.

तपासा: एका मधल्या स्लॅबला दहा दिवस उशीर देऊन बघा. शेवटची तारीख हलली नाही तर एकतर कुठेतरी जोडणी तुटली आहे, नाहीतर तिथे खरोखर दहा दिवसांची फुरसत आहे. कोणतं, ते शोधा.

## टप्पा ५: आता मॉडेल

मॉडेलचा क्रम: लेव्हल आणि ग्रिड, कॉलम, बीम, स्लॅब, मग भिंती, शेवटी दारं-खिडक्या. आधी भिंती उभ्या करून नंतर कॉलम घुसवले की भिंतीचं परिमाण फुगतं.

कॉलम तळापासून गच्चीपर्यंत एकसंध ओढू नका. साइटवर कॉलम मजल्यागणिक भरला जातो, तेव्हा मॉडेलमध्येही तो मजल्यागणिक तुटला पाहिजे. नाहीतर वेळापत्रकाशी जोडताच येणार नाही. मोठा स्लॅब दोन दिवसांत दोन भागांत भरणार असतील तर मॉडेलमध्येही दोन भाग. प्रत्येक घटकाला टप्पा ३ चा कोड द्या. सळई मात्र सगळी मॉडेल करत बसू नका. एक बीम-कॉलम जोड सरावाला करा, बाकी बार बेंडिंग शेड्यूल (सळयांच्या लांबी-आकाराची यादी) एक्सेलमध्ये बरं.

झाल्यावर मॉडेलचं काँक्रीट तुमच्या हाताच्या हिशेबाशी ताडा. २-३ टक्क्यांत जुळलं पाहिजे. नाही जुळलं तर बहुतेक वेळा स्लॅब आणि बीमचा जॉइन राहिलेला असतो. टप्पा २ मधलीच ती चूक, नव्या कपड्यांत.

मग प्लंबिंगचं मॉडेल आणि टक्कर तपासणी. नेव्हिसवर्क्स पहिल्या फटक्यात शेकडो टकरी दाखवतं. ती यादी तशीच ईमेल करणारा मॉडेलर कुणालाच नको असतो. संडासाची ११० मिलिमीटरची पाइप बीममधून जाते, ही एक अडचण चार मजल्यांवर चार वेळा दिसते. ती एकच समजा, फोटो जोडा आणि सुचवा: बुडीत स्लॅबची खोली वाढवायची, पाइप वळवायची, की बीममध्ये स्लीव्ह (पाइपसाठी आरपार नळी) द्यायची. शेवटचा पर्याय आरसीसी कन्सल्टंटच्या लेखी परवानगीशिवाय कधीच नाही.

शेवटी नेव्हिसवर्क्सच्या टाइमलायनरमध्ये मॉडेल आणि वेळापत्रक जोडा. कोड एकसारखे असतील तर जोडणी नियमाने आपोआप होते. नसतील तर एकेक घटक हाताने निवडत बसाल.

सावधान: रेव्हिटची नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही आणि मागे फिरवताही येत नाही. दुसऱ्याची फाइल उघडण्याआधी आवृत्ती विचारा. "अपग्रेड करू का?" या खिडकीवर बेफिकीरपणे ओके दाबून अख्ख्या टीमचं काम अडवता येतं.

## टप्पा ६: मालकाला लागणारं पान

मालकाला चक्राकार आलेख नको असतात. त्याला आठवड्यातून एक पान हवं असतं: ठरलेलं किती, झालेलं किती, अडलं कुठे, कुणामुळे, आणि ठेकेदाराचं बिल प्रत्यक्ष कामाशी जुळतं का. हे एक्सेलमध्ये जमलं की मग पॉवर बीआय (रिपोर्ट आणि डॅशबोर्डचं सॉफ्टवेअर). त्याचा डेस्कटॉप मोफत आहे, मात्र टीमशी सुरक्षितपणे शेअर करायला पैशाचं लायसन्स लागतं. "पब्लिश टू वेब" वापरून ती वाट चुकवू नका. तो रिपोर्ट मग लिंक मिळालेल्या कुणालाही उघडतो, दरांसकट.

महारेराची कामं कळली तर तुमची किंमत वाढते. ग्राहकांकडून आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, आणि तो काढताना आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांचे दाखले लागतात: अनुक्रमे फॉर्म १, २ आणि ३. शिवाय दर तिमाहीला प्रगती भरावी लागते. टक्केवारी अंदाजाने न भरता तुमच्या नोंदींतून काढून देणं हे तुमचं काम, सही त्यांची. टक्केवारी कुणी "थोडी वाढवून" मागितली तर मूळ नोंदी जशाच्या तशा ठेवा.

ड्रोनच्या मागे सुरुवातीला लागू नका. व्यावसायिक उड्डाणाला, अगदी लहान नॅनो गट सोडता, रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. त्यात विमानतळ उजळाईवाडीला, शहराला खेटून. सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलच्या नकाशावर जागेचा झोन बघितल्याशिवाय उडवलं तर अंगाशी येईल.

## टप्पा ७: दाखवायचं काम आणि अर्ज

दहा सर्टिफिकेटांपेक्षा एक पुरी झालेली इमारत दाखवा. एका पीडीएफमध्ये: हाताने काढलेलं परिमाण आणि मॉडेलचं परिमाण शेजारी-शेजारी, फरकाच्या कारणासह, बेसलाइन आणि प्रत्यक्ष, तीन निवडक टकरी आणि त्यांवरचे उपाय, एक आठवड्याचं पान. बिल्डरचं नाव, पत्ता, दर सगळं काढून टाका. दुसऱ्याची गुपितं दाखवणारा उमेदवार आपलीही दाखवेल, हे समोरच्याला कळतं.

अर्जाचा क्रम: आधी आरसीसी कन्सल्टंट आणि ठेकेदार, मग बिल्डर, मग पुण्याच्या कंपन्या. नव्या पदवीधरांनी आणि डिप्लोमाधारकांनी केंद्र सरकारच्या एनएटीएस पोर्टलवरच्या ॲप्रेंटिसशिपही बघाव्यात. पीएमपीच्या (प्रकल्प व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) मागे आत्ता धावू नका: चार वर्षांच्या डिग्रीला प्रकल्प हाताळल्याचा ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, डिप्लोमाला ६०, शिवाय ३५ तासांचं प्रशिक्षण. बांधकाम व्यवस्थापनातलं पदव्युत्तर शिक्षणही दोन वर्षं साइट बघून घेतलं तर वर्गात काय विचारायचं ते कळतं. तोवर एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन) कोर्स मोफत बघता येतात, पैसे फक्त परीक्षेचे.

आयटीतून इकडे येणाऱ्यांनी टप्पा ३ आणि ६ भराभर उरकावेत, पण टप्पा २ पूर्ण सहा महिने करावा. तेवढा धीर नसेल तर बांधकाम कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहिणं हे वेगळं आणि चांगलं काम आहे, ते करा.

सावधान: "परदेशी बिम प्रोजेक्ट, घरून काम, आधी ट्रेनिंग डिपॉझिट भरा" अशा जाहिरातींना एक रुपयाही देऊ नका. खरं काम देणारा आधी नमुना काम करून मागतो.

होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारा. साइटवरून रोजची नोंद कोण पाठवणार? बिल तपासताना तुमचा आकडा ग्राह्य धरणार की फक्त फाइलला लावणार? आणि सॉफ्टवेअरचं लायसन्स कंपनीच्या नावावर आहे का? नसेल, आणि तुमच्या विद्यार्थी लायसन्सवर किंवा क्रॅक केलेल्या प्रतीवर काम करा म्हणाले, तर नकार द्या आणि त्या कामापुरतं एक्सेल आणि प्रोजेक्टलिब्रवर करून देण्याची तयारी दाखवा. मान्य करणारी ऑफिसं असतात.